रँटी मार्टिन्सचे गोल आणि आपल्या तोंडातला 'हबशी'

"खेळात जात नसते, रंग नसतो. गुण असेल तर जग डोक्यावर घेते." हे वाक्य आता आपल्या अभ्यासवर्गांतही ऐकू यायला लागले आहे. बोलणारी पोरे आपलीच असतात, शिकलेली असतात, आणि पुरावा म्हणून हमखास एखाद्या आफ्रिकन फुटबॉलपटूचे नाव घेतात. ड्रोग्बा घ्या, एटो घ्या, जॉर्ज वेआ घ्या. झोपडपट्टीतून आले, गोल मारले, जगाने स्वीकारले. मग आपणच कशाला रडत बसायचे?

हा युक्तिवाद तपासलाच पाहिजे, कारण तो दिसतो तितका भाबडा नाही. आज तो खेळाबद्दल बोलला जातो, उद्या तोच आरक्षणाबद्दल बोलला जाणार आहे. तपासायला युरोपात जायची गरज नाही. आपल्या शेजारी, गोव्यात, एका नायजेरियन स्ट्रायकरने आठ हंगाम काढले. त्याचीच कारकीर्द घेऊ.

रँटी मार्टिन्स २००४ मध्ये पणजीच्या डेम्पो क्लबकडे आला तेव्हा अठरा वर्षांचाही पुरता नव्हता. बारावीचा निकाल लागलेल्या आपल्या पोराचे वय. त्याच वर्षी ५ डिसेंबरला बंगळूरमध्ये फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात डेम्पोचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्टियानो ज्युनियर प्रतिस्पर्धी गोलकीपरला धडकून मैदानावर कोसळला आणि मेला. डेम्पोने तो सामना २-० ने जिंकला, दोन्ही गोल त्याचेच. मैदानावर वैद्यकीय सोय किती तोकडी होती यावर तेव्हा बराच गदारोळ झाला. क्लबने त्याची दहा नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. सहकाऱ्याचे असे मरण पाहिलेल्या त्या संघात पुढच्या फळीचे ओझे या नव्या पोराच्या खांद्यावर आले.

त्याने ते कसे उचलले हे आकडेच सांगतात. तो असताना डेम्पोने देशाची सर्वोच्च लीग पाच वेळा जिंकली: २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. प्रशिक्षक आर्मांदो कोलासो. २००८ मध्ये हा संघ एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. २०११-१२ च्या एकाच हंगामात रँटीने आय-लीगमध्ये ३२ गोल केले. २०१०-११ पासून सलग तीन हंगाम सर्वाधिक गोल त्याचेच, त्यातला तिसरा कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडून. पुढे शिलाँगचा रंगदाजिद, मग ईस्ट बंगाल. भारतातल्या सर्वोच्च लीगमध्ये त्याच्या नावावर दोनशेहून जास्त गोल आहेत.

तो एकटाच नव्हता. चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली, ज्याला प्रेक्षक 'किंग कोब्रा' म्हणायचे, तोही नायजेरियाचाच. २००८-०९ ची आय-लीग चर्चिलने जिंकली ती त्याच्या गोलांवर. आय-लीगच्या पहिल्या सहा हंगामांची यादी काढून बघा: सर्वाधिक गोल करणारा खेळाडू प्रत्येक वेळी नायजेरियन आहे. पहिले तीन हंगाम ओडाफा, पुढचे तीन रँटी. सहापैकी पाच वेळा अंगात गोव्याच्या क्लबची जर्सी. मुंबईच्या महिंद्र युनायटेडसाठी असेच काम घानाच्या युसुफ याकुबूने केले. या सगळ्यांच्या आधी, ऐंशीच्या दशकात, चिमा ओकेरी आला आणि कोलकात्याच्या तिन्ही मोठ्या क्लबांकडून खेळला. भारतीय क्लब फुटबॉलच्या गोलांचा हिशेब आफ्रिका वगळून मांडताच येत नाही.

आता या कारकिर्दीच्या अटी बघा. परदेशी खेळाडूंवर मर्यादा होती. संघात किती घ्यायचे, मैदानावर किती उतरवायचे, हे नियमाने ठरलेले. म्हणजे इथेही कोटा होता, पण उलटा. आपला कोटा म्हणजे किमान इतक्या जागा द्याच. यांचा कोटा म्हणजे याहून जास्त येऊ नका. क्लबांनी त्या मोजक्या जागा प्रामुख्याने स्ट्रायकर आणि मधल्या बचावपटूंसाठी वापरल्या, कारण सामना तिथेच जिंकला किंवा हरला जातो. मग ओरड सुरू झाली की आफ्रिकन स्ट्रायकरांनी भारतीय पोरांच्या जागा खाल्ल्या. तक्रारीत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही, भारतीय स्ट्रायकर तयार होईना हे खरेच होते. पण दोष कोणाला दिला गेला? लहान वयात पोरे हेरून त्यांना घडवण्याची यंत्रणा ज्यांनी उभी केली नाही त्या संघटनेला आणि क्लबांना, की करार करून आलेल्या मजुराला? 'आमच्या जागा खाल्ल्या' हे शब्द आपल्या कानांना नवे नाहीत. ३२ गोल करणाऱ्यालाही ते ऐकावे लागतात, हे मात्र गुणवत्तेची टेप लावणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

मजूर हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. पोस्टरवर त्याचा फोटो मोठा असतो, पण व्हिसा कराराला बांधलेला, करार गुडघ्याला बांधलेला. स्थानिक खेळाडू जखमी झाला तर त्याला घर असते, गाव असते, ओळखीचा डॉक्टर असतो. परदेशातून आलेल्याला क्लबच्या खोलीशिवाय काही नसते. ज्यांनी नागराज मंजुळे यांचा 'झुंड' पाहिला आहे त्यांना त्यातली पासपोर्टसाठी कागद गोळा करत फिरणारी आदिवासी मुलगी आठवत असेल. चेंडू लाथाडायला कागद लागत नाही. बाकी सगळ्याला लागतो.

तरी मैदानात एक गोष्ट निखळ समतेची असते, आणि फुटबॉल मला त्यासाठीच आवडतो. गोल कोणीही मारो, फळ्यावर एकच मोजला जातो. काळ्याचा अर्धा आणि गोऱ्याचा दीड असे होत नाही. 'एक व्यक्ती, एक मूल्य' हे बाबासाहेबांचे सूत्र नव्वद मिनिटे तरी चालते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी जो इशारा दिला होता त्याचा रोख असा की राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील, आणि ही विसंगती फार काळ चालू दिली तर लोकशाहीच धोक्यात येईल. शिट्टी वाजून सामना संपला की नेमकी हीच विसंगती सुरू होते.

गोव्याचेच बघा. ३० ऑक्टोबर २०१३ च्या रात्री म्हापशाजवळच्या पर्रा इथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला. न्याय मागण्याची त्यांची रीत चुकली असे कोणाला वाटू शकते. रास्ता रोको आपणही केले आहेत, त्यामुळे मी त्यावर प्रवचन देणार नाही. पण त्यानंतर जे बोलले गेले ते बघा. राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली. टीका झाल्यावर दिलगिरी व्यक्त झाली, पण शब्द निघून गेला होता. त्यांना घरे भाड्याने देऊ नका असा सूर गावागावांत लागला. रँटी मार्टिन्सने गोवा सोडून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. ज्या राज्याने एका नायजेरियनाच्या गोलांवर पाच वेळा करंडक नाचवला, त्याच राज्यात 'नायजेरियन' हा शब्द शिवी म्हणून वापरला गेला. त्याचे गोल गोव्याचे, तो मात्र नायजेरियाचा. या दोन गोष्टी एकाच डोक्यात सुखाने राहतात, कारण आपल्या समाजाला ही सवय हजारो वर्षांची आहे. हात घ्यायचे, माणूस बाहेर ठेवायचा.

हे आपल्या इतिहासात अगदी याच पद्धतीने घडलेले आहे. पाळवणकर बाळू. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात इंग्रजांच्या क्लबवर खेळपट्टीची कामे करता करता साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायला लागला. त्याला संघात घ्यायचे की नाही यावर पुण्याच्या हिंदू क्लबात वाद झाला, आणि इंग्रजांना हरवायचे म्हणून शेवटी घेतले. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घ्यायचे, तोच चेंडू, तोच घाम. चहाच्या वेळी बाळूला तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. जेवायला वेगळे पान. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. दौऱ्यातला सर्वोत्तम गोलंदाज म्हणून त्याचे नाव झाले. तरी हिंदू संघाचे रीतसर कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. ते मिळाले त्याचा भाऊ विठ्ठल याला, १९२३ मध्ये, तेही भावांनी बहिष्काराचे हत्यार उपसल्यानंतर काही वर्षांनी.

बाळूचा उल्लेख करताना आपल्यातले काही जण चाचरतात, कारण १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्याला मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले होते. त्यात लपवण्यासारखे काही नाही. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूला ११,२२५. उलट आजच्या विषयासाठी हाच प्रसंग मला सर्वात बोलका वाटतो. जो माणूस तंबूत चहा प्यायला चालत नव्हता तो बाबासाहेबांना अडवायला मात्र चालला. प्रस्थापितांना खेळाडूचे नाव हवे असते, आणि ते नाव त्याच्याच समाजाच्या मागणीविरुद्ध वापरता आले तर फारच उत्तम. "बघा, तुमचाच बाळू मोठा झाला, मग तक्रार कशाची?" आज "बघा, आफ्रिकन कसे मोठे झाले" म्हणणारा तेच करतो आहे, फक्त त्याला ते कळत नाही.

जगभर हेच आहे. कॅमेरूनचा सॅम्युएल एटो बार्सिलोनाकडून खेळत होता, युरोपातल्या सर्वोत्तम स्ट्रायकरांत गणला जात होता. फेब्रुवारी २००६ मध्ये झारागोझाच्या प्रेक्षकांनी माकडाचे आवाज काढले तेव्हा तो सामना सोडून निघाला होता. सहकाऱ्यांनी आणि पंचांनी समजावून थांबवले. लायबेरियाच्या जॉर्ज वेआला १९९५ मध्ये बॅलन डी'ऑर मिळाला, आजवर तो मिळवणारा तो एकमेव आफ्रिकन. पुढे तो २०१८ मध्ये देशाचा अध्यक्ष झाला. २०२३ ची निवडणूक हरला, कारण लोकांनी त्याला गोलांवर नव्हे, कारभारावर मोजले. मला हे निरोगी वाटते. आणि इकडे आपल्या केरळात, जिथले फुटबॉलप्रेम आपण वाखाणतो, मार्च २०२४ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या एका स्थानिक सामन्यात आयव्हरी कोस्टच्या खेळाडूला प्रेक्षकांनी पाठलाग करून मारले. वर्णद्वेषी शिवीगाळ झाल्याची तक्रार त्याने पोलिसांत दिली. सामना सेव्हन्सचा होता. त्या स्पर्धांत आफ्रिकन खेळाडूंना पैसे देऊन मुद्दाम आणले जाते.

आता आपल्याकडे येऊ, कारण हा लेख गोव्याच्या मंत्र्यासाठी लिहिलेला नाही.

आपण सोनई आणि खर्डा घडलेल्या जिल्ह्यात राहतो. अन्याय म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. तरी आपल्याच पोरांच्या ग्रुपवर पुण्यातल्या आफ्रिकन विद्यार्थ्याचा फोटो येतो तेव्हा खाली काय प्रतिक्रिया असतात? 'कालिया', 'हबशी', आणि हसणारे चेहरे. नगरच्या माणसाच्या तोंडी 'हबशी' ही शिवी असावी हा तर इतिहासाचा अडाणीपणाच. हबशी म्हणजे हबसाणातला, आजच्या इथिओपियातला माणूस. तिथून गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादच्या बाजारातून पुढे हातोहात गेलेला एक मुलगा नगरच्या निजामशाहीत पेशवा चंगीझखानाच्या पदरी आला. हा चंगीझखानही हबशीच. तो मुलगा म्हणजे मलिक अंबर. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर बुडालेली निजामशाही त्याने पुढे पाव शतक उभी ठेवली. १६२४ ला भातवडीला, इथे आपल्या नगर तालुक्यात, त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेला हरवले. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. जमीन महसुलाची त्याची पद्धत 'मलिकंबरी' म्हणून आपल्या भाषेत राहिली. त्याला रणात हरवता येईना म्हणून जहांगीर बादशहाने स्वतःचे एक चित्र काढून घेतले, त्यात तो मलिक अंबरच्या भाल्यावर टांगलेल्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. आत्मचरित्रात तो त्याला रंगावरून शिव्या घालतो. म्हणजे आज आपला पोरगा मोबाईलवर जे टाइप करतो ते जहांगीरने चारशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे. आपण कुणाच्या बाजूने लिहितो आहोत?

दुसरी आठवण. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागत होते, त्या अर्जाची प्रत बाबासाहेबांना हवी होती, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेता येईल का हे ते पाहत होते. डु बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठवले. १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी संघटना काढली तिला नाव दिले दलित पँथर. हे नाव कुणाकडून घेतले ते सांगायला नको. चळवळीचे नाव काळ्यांकडून घ्यायचे आणि शिवीही काळ्यांवरूनच द्यायची, हे कसे चालेल?

इथे एक आक्षेप येतोच. "पण ते ड्रग्जच्या धंद्यात असतात." काही जण असतील, त्यांना पकडा, खटला चालवा. मात्र एका समाजातल्या काहींच्या गुन्ह्यावरून सगळ्या समाजावर शिक्का मारणे म्हणजे काय, हे श्रीगोंदा, कर्जत, पारनेरच्या पारध्यांच्या पालावर जाऊन विचारा. इंग्रजांनी १८७१ मध्ये जन्माने गुन्हेगार ठरवण्याचा कायदा केला. तो १९५२ मध्ये रद्द झाला. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी पालाकडे वळते. सामाजिक कामात असलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. पारध्यांच्या बाजूने निवेदन द्यायला जाणारा कार्यकर्ता संध्याकाळी 'नायजेरियन म्हणजे ड्रग्ज' असा मेसेज पुढे ढकलत असेल, तर त्याने सकाळचे निवेदन कशासाठी दिले होते?

कायद्याचीही एक बाजू आहे, आपल्या वकील मित्रांनी तिच्यावर बोलावे. संविधानाचे कलम १५ वंश, जात, जन्मस्थान यांवरून भेदभाव नको म्हणते, पण ते संरक्षण 'नागरिक' या शब्दाला जोडलेले आहे. कलम १४ आणि २१ मात्र 'व्यक्ती'साठी आहेत, म्हणजे व्हिसावर आलेल्या खेळाडूसाठी आणि विद्यार्थ्यासाठीही. कलम १७ अस्पृश्यता कोणत्याही रूपात पाळायला बंदी करते आणि नागरिकत्वाची अट घालत नाही. घर नाकारणे, पंगतीत न घेणे, स्पर्श टाळणे हे माणसाच्या रंगावरून केले तर त्याला काय म्हणायचे? आपल्याकडे निदान अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आहे, लढून मिळवलेला आणि दर काही वर्षांनी वाचवावा लागणारा. यांच्यासाठी वंशद्वेषाविरुद्ध तसा स्वतंत्र कायदा नाही. ती मागणी कोणी करायची? ज्यांना तसा कायदा असण्याची किंमत माहीत आहे त्यांनी नाही तर कोणी?

मागणी दूरची वाटत असेल तर जवळच्या दोन गोष्टी आहेत. एप्रिलमध्ये जयंतीनिमित्त ठिकठिकाणी क्रीडास्पर्धा होतात. माइकवर बसणारा समालोचक आपलाच असतो आणि सावळ्या खेळाडूला 'काळा घोडा' म्हणून हशा मिळवतो, मग तो खेळाडू वडाराचा असो, पारध्याचा असो की आपलाच. तो माइक आपल्या मंडळाच्या पैशाने लागलेला असतो. या वर्षी समालोचकाला आधीच बजावा, ऐकले नाही तर माइक काढून घ्या. फुटबॉलची स्पर्धा असेल तर पुण्यातल्या आफ्रिकन विद्यार्थ्यांच्या संघाला रीतसर पत्र लिहून बोलवा, येण्याजाण्याचा खर्च द्या, आणि रात्री त्यांना लॉजवर न पाठवता विहारात किंवा कार्यकर्त्याच्या घरी उतरवा.

दुसरी गोष्ट पैशाची आहे, म्हणून जरा अवघड. नगर जिल्ह्यातून गेलेले आपले किती तरी लोक आता पुण्यात स्थायिक आहेत. येरवडा, विश्रांतवाडी, वाघोलीकडे त्यांनी दुसरा फ्लॅट घेतला आहे, तो भाड्याने दिलेला आहे. ज्यांना स्वतःला आडनाव सांगितल्यावर खोली नाकारली गेली होती, तेच आता एजंटला सांगतात, "फॅमिली पाहिजे, आणि आफ्रिकन नको." अशा तीन घरमालकांशी मी या महिन्यात बोललो. दोघांनी सोसायटीचे कारण पुढे केले. तिसऱ्याने विचार करतो म्हटले आहे. करार जूनमध्ये संपतो, मी मे महिन्यात पुन्हा फोन करणार आहे. तुमच्या ओळखीत असे घरमालक असतील तर तुम्हीही करा.

जय भीम!